खेळबाईंचा वरचा खण

खेळबाई वाचनालयात लागल्या त्या पुस्तकांना कव्हरं घालायला. आता पुस्तकांच्या वाटेला त्या फारशा जात नाहीत. मागच्या अंगाला, जिथं पूर्वी मोडक्या खुर्च्या टाकायचे, ती खोली त्यांच्या ताब्यात आहे, आणि त्या खोलीत व्हिडिओ गेम मिळतात. पुस्तकांच्या दालनात शुकशुकाट आणि या खोलीच्या दाराशी रांग, हे ग्रंथपाल मॅडमना अजून पचलेलं नाही. पण रांग लागते ती लागतेच. त्यात शाळकरी पोरं असतात हे सांगायला नको, पण त्यांच्यामागं ड्युटी संपवून आलेली नर्स असते, हाताला पीठ लागलेला बेकरीवाला असतो, नातवासाठी म्हणून नेऊन स्वतःच खेळणारे आजोबा असतात. सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच. "बाई, काय नेऊ?"

या प्रश्नाचं उत्तर खेळबाई वर्षातून एकदा लेखी देतात. वर्ष संपत आलं की दारासमोरचं लाकडी शेल्फ त्या रिकामं करतात, ओल्या फडक्यानं पुसतात, आणि त्यात वर्षातले चांगले खेळ मांडतात. टीव्हीला जोडायच्या कन्सोलचा एक खण, हातात धरून खेळायच्या यंत्राचा एक, संगणकाचा एक आणि फोनचा एक. फोनच्या खेळाला ना डबी ना चकती, तरी त्याच्या नावानं रिकामी डबी ठेवतात, कारण त्याच्यावर अन्याय नको. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एक अरुंद खण आहे. त्याला सगळे वरचा खण म्हणतात. त्यात एकच खेळ बसतो. यंत्र कुठलं का असेना, वर्षातला सगळ्यांत चांगला खेळ तो. खाली एक कार्ड, त्यावर बाईंच्या अक्षरात चार ओळी.

आता यावरून भांडणं होणारच. कन्सोलवाले संगणकवाल्यांना पाण्यात पाहतात, संगणकवाले कन्सोलवाल्यांना खिजगणतीत धरत नाहीत, आणि फोनवर खेळणाऱ्यांना हे दोघेही मिळून नावं ठेवतात. एका वर्षी वरच्या खणात फोनचा खेळ आला तेव्हा एक तरणाबांड गडी तावातावानं भांडायला आला. म्हणाला, "फोनवरचा कसला हो गेम? तो काय खेळ आहे?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुमची आजी दवाखान्याच्या बाकावर बसून खेळते तो खेळ नाही, आणि तुम्ही सोफ्यावर लोळून खेळता तो खेळ, असं का?"

गड्याची आजी त्याच्या मागंच उभी होती. पुढं काय झालं ते सांगत नाही, पण तो गडी अजूनही येतो आणि रांगेत गुमान उभा राहतो.

बाईंचा शब्द चालतो तो काही उगाच नाही. जो खेळ त्यांनी स्वतः घरी नेऊन खेळला नाही, तो त्या शेल्फाला चिकटूही देत नाहीत. आणि त्यांची खेळायची तऱ्हाही जगावेगळी. आधी आवाज बंद करून खेळायचा, कारण गाणी-बजावणी लावून कुणीही भुलवतं. मग दमून घरी आल्यावर खेळायचा, कारण ताज्या मनाला काहीही गोड लागतं. आणि त्यानंतर खेळ आठवडाभर तसाच सोडून द्यायचा. हात लावायचा नाही. भांडी घासताना तो आपणहून आठवला तर तो खेळ. नाही आठवला तर गेला परत खोक्यात. शेल्फ लागेपर्यंत दुसऱ्या कुणाचं मत वाचायचं नाही, ऐकायचं नाही. रांगेतल्या कुणी तोंड उघडलंच तर बाई सरळ कानांवर हात ठेवतात. एवढी निष्ठा लोक देवाधर्मातही दाखवत नाहीत.

नर्स तर वरच्या खणातला खेळ नाव न वाचताच उचलायची. "बाईंनी ठेवलाय ना? झालं तर मग."

खेळबाईंच्या घरात माणसं तीन. त्या, त्यांचा नवरा आणि सासरे. नवरा छापखान्यात कामाला. बायकोच्या खेळांचं त्याला भारी कौतुक, पण खेळायला बसला की दोन मिनिटांत घोरतो. सासरे मात्र या प्रकाराच्या नावानं बोटं मोडणारे. "बोटं नाचवायचा धंदा" एवढ्या तीन शब्दांत त्यांनी सुनेच्या नोकरीचा निकाल लावला होता.

सासरे रंगारी. आता निवृत्त म्हणायचं, पण रंगारी काय निवृत्त होतो? जन्मभर त्यांनी लोकांच्या भिंती रंगवल्या आणि जन्मभर त्यांची शिडी सासूबाईंनी धरली. लोक हसायचे. रंगारी वर आणि बायको खाली, शिडीच्या दोन्ही दांड्या धरून, पदर खोचून उभी. "हिच्या हाताशिवाय मला वर चढवत नाही," असं सासरे चारचौघांत सांगायचे आणि सासूबाई लाजून खाली बघायच्या, पण दांड्या सोडायच्या नाहीत. त्या गेल्या. त्यानंतर सासऱ्यांनी हट्टानं एक लहानसं काम घेतलं, एकट्यानं शिडी लावली आणि पडले. मांडीचं हाड मोडलं. ते सांधलं, पण हाताला कंप सुटला तो सुटलाच. पोरानं त्याच आठवड्यात शिडी कुणाला तरी देऊन टाकली. तेव्हापासून ते हॉलमधल्या खिडकीशी बसून असायचे. घराबाहेर पडायचे नाहीत, धड बोलायचे नाहीत. मध्येच समोरच्या इमारतीकडे बघून म्हणायचे, "ओल मारलीय भिंतीला." झालं, दिवसभराचं बोलणं संपलं.

मानी इतके की विचारू नका. डॉक्टरांनी काठी घेऊन चालायला सांगितलं होतं. ते ऐकायचे नाहीत. मग एकदा कुणी घरात नसताना गुपचूप काठी घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालताना पोराला दिसले. पोरगा आनंदानं ओरडला, "वा बाबा! शाब्बास!" झालं. काठी जी कपाटावर गेली ती तिथंच राहिली.

तर त्या वर्षी खेळबाईंनी कन्सोलचा एक खेळ घरी आणला. नाव 'धुकेगाव'. त्यात एक ओस पडलेलं गाव असतं. धुक्यानं गावाचा सगळा रंग खाल्लेला. आपल्या हातात बादली, ब्रश आणि शिडी. ना शत्रू, ना बंदूक, ना घड्याळ. भिंती रंगवायच्या. घर रंगलं की त्यातली माणसं परत येतात, खिडकी उघडतात, कपडे वाळत घालतात. बाईंनी आवाज बंद केला आणि एक घर रंगवायला घेतलं.

खिडकीकडून सासऱ्यांचा आवाज आला. "ओघळ येणार."

"काय म्हणालात, बाबा?"

"खालून वर चाललीस. वरून खाली यायचं असतं. ओघळ येणार."

बाई हसल्या. "अहो, गेममध्ये कुठले ओघळ?"

आणि खरंच ओघळ आले. खेळ करणाऱ्यानं तेवढंही सोडलं नव्हतं. सासऱ्यांनी पेपर तोंडापुढं धरला, पण पेपर हलत होता. बाईंनी कसंबसं ते घर पुरं केलं, आणखी एक रंगवलं आणि नेमाप्रमाणं खेळ सोडून दिला.

भांडी घासताना तो आठवला. नुसता आठवला नाही, छळू लागला. आठवडा सरल्यावर त्यांनी तो पुन्हा लावला आणि बघतच राहिल्या. दोन घरं रंगवून गेलेल्या बाईंपुढं अख्खी गल्ली रंगलेली उभी होती. चौकटी गडद, भिंती फिक्या, कोपरे कापल्यासारखे सरळ. त्यांनी स्वतः केलेले ओघळसुद्धा कुणीतरी पुसून घेतले होते. खिडक्यांतून माणसं बघत होती. बाईंना वाटलं, आपण नसताना गावानं आपलं आपण काम चालू ठेवलंय. आपण दोन घरांचा धडा घालून दिला आणि गाव शिकलं. इतकी वर्षं खेळ बघितले, पण असं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या अंगावर काटा आला.

त्यांनी मुद्दाम आणखी आठवडा जाऊ दिला. परत आल्या तर चौक रंगला होता. त्या प्रत्येक घरात शिरून बघत फिरल्या. एका घराचं दार त्यांनी आतून लावलं आणि दारामागच्या भिंतीवर तळहाताएवढा तुकडा न रंगवता सोडलेला दिसला. दुसऱ्या घरात तसाच. तिसऱ्यातही. नव्या रंगाच्या मधोमध नव्हे, कुणाला दिसू नये अशा जागी, जुन्या रंगाची एवढीशी आठवण. 

कंट्रोलरची बॅटरी मात्र दर वेळी मेलेली असायची. बाई कंट्रोलरलाच शिव्या घालून तो चार्जिंगला लावायच्या. शंका म्हणून मनाला शिवली नाही. शिवणार कशी? घरात दुपारी कोण, तर बोटं नाचवायच्या धंद्यावर थुंकणारा म्हातारा.

शेल्फ लागलं. वरच्या खणात 'धुकेगाव' आलं, म्हणजे त्याची दुसरी प्रत; पहिली घरच्या यंत्रातच राहिली होती. खाली बाईंचं कार्ड: "हा खेळ आपण बंद केला तरी चालू राहतो. आठवडा जाऊ द्या आणि परत या. गाव तुमच्यामागं आपणहून रंगत जातं. आणि दारामागं बघायला विसरू नका. तिथं तळहाताएवढा जुना रंग राखलेला दिसेल. ज्यानं हे केलं त्याला घर म्हणजे काय ते कळतं. खोट एकच. दुसरा माणूस सोबत खेळायला घेतला तर त्याला नुसती शिडी धरायचं काम. कळ दाबून उभं राहायचं. त्यात काही मजा नाही."

नवऱ्यानं कार्डाचा फोटो काढून आणला आणि चहा घेताना मोठ्यांदा वाचून दाखवला. बायकोचा कुठला शब्द कुठं लागला हे त्याला काय ठाऊक? त्याला वाटलं, बाबांनाही जरा कौतुक वाटावं. सासरे ऐकत होते. ऐकता ऐकता उठले, पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्यांचा चहा तसाच निवून गेला.

पहिली तक्रार नर्सनं आणली, तीही भीत भीत. "बाई, माझ्या गावात काही रंगत नाही हो. सोडलं तिथंच आहे. माझंच काही चुकतंय का?"

"थोडं थांबा, रंगेल," बाई छाती ठोकून म्हणाल्या.

मग बेकरीवाला आला. मग नातवाचे आजोबा. दारामागचा तुकडा कुणालाच सापडत नव्हता. कुणी आवाज चढवला नाही, हेच बाईंना जास्त लागलं. उलट सगळे स्वतःलाच दोष देत होते. बाईंनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार, आपलाच हात वाकडा.  बाईंनी वाचनालयातल्या कन्सोलवर नवा डाव मांडला, दोन घरं रंगवली, यंत्र कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि आठवडाभर वाट पाहिली. गाव जसंच्या तसं. धुकं तेवढं तरंगत होतं.

त्या संध्याकाळी त्या घरी आल्या आणि तडक स्वयंपाकाला लागल्या. तव्यावर काहीतरी करपलं. धूर हॉलमध्ये जाऊ नये म्हणून त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. हे दार कायम भिंतीला टेकून उघडं असतं, ते वर्षातून एखाद्या वेळी लावलं जातं. धूर निवळला आणि दारामागची भिंत त्यांच्या डोळ्यांसमोर आली. तिथं तळहाताएवढा जुना पिवळा तुकडा होता. सासऱ्यांनी स्वयंपाकघराला शेवटचा हात मारला होता तेव्हा राखलेला. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, इथं रंग द्यायचा राहिला का? सासूबाई म्हणाल्या होत्या, "राहिला नाही गं, ठेवलाय. यांची सवयच आहे. ज्या घराला रंग देतील तिथं दारामागं आधीचा एवढा ठेवतात. म्हणतात, भिंतीला आपलं जुनं तोंड लक्षात राहू दे."

इतकी वर्षं दर दिवाळीला त्या तुकड्याभोवतीनं फडकं फिरवणाऱ्या बाईंना तो पडद्यावर ओळखू आला नव्हता. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि आधी त्यांना हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम आवरेनात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी सुट्टी टाकली. भर दुपारी जिना चढल्या, चपला हातात घेतल्या, किल्लीनं दार अलगद उघडलं. सासरे टीव्हीसमोर स्टुलावर बसले होते, पाठ ताठ. दोन्ही हातांत कंट्रोलर. हात थरथरत होते, आणि पडद्यावरचा ब्रशही थरथरत होता, पण रंग लागत होता. ते त्या थरथरीलाच कामाला लावत होते. छोटे छोटे फटकारे, एकावर एक, जसा खरखरीत भिंतीला हात मारतात तसे. आणि बोलत होते. खिडकीशी बसून दिवसाला एक वाक्य बोलणारा माणूस पडद्याशी अखंड बोलत होता. "हां, तू जरा सरक, बाई, खिडकीत उभी राहू नको, अंगावर उडेल. हा कोपरा कुणी ठेवला रे? मीच ठेवला. चला वर." पडद्यावरचा छोटा माणूस शिडी चढू लागला. शिडी डगमगली. सासऱ्यांचा श्वास थांबला, खांदे वर आले. मग तोल सावरला आणि ते खुदकन हसले. सासूबाई गेल्यापासून ते हसणं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

बाई उलट्या पावली बाहेर आल्या. दार लावलं, जिना उतरल्या, कोपऱ्यावर जरा वेळ काढला, आणि मग पायांचा दणदणाट करत वर येऊन बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला. टीव्ही बंद होता. सासरे पेपर घेऊन खिडकीशी. "आज लवकर?" एवढंच म्हणाले. पेपर उलटा होता. बाईंनी तिकडं कानाडोळा केला.

आता खरी पंचाईत झाली. खरं सांगायचं तर कार्डावर लिहायला हवं होतं की गाव गावानं नाही रंगवलं, माझ्या सासऱ्यांनी रंगवलं. सगळ्या वाचनालयात ते झालं असतं. लोक कौतुकानं घरी आले असते, नवऱ्यानं "वा बाबा, शाब्बास" म्हटलं असतं, आणि कंट्रोलर कपाटावर काठीशेजारी गेला असता. आणि खरं नाही सांगायचं, तर ती नर्स आपलाच हात वाकडा म्हणत बसणार. बाईंचा आयुष्यभराचा शब्द एकीकडे आणि त्या स्टुलावरचं हसू एकीकडे. दोन्हीतलं काहीही गमवायची त्यांची तयारी नव्हती. दिवसभर त्या चकत्या पुसत होत्या आणि एकच चकती पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

शेवटी त्यांनी आपलं कार्ड काढलं आणि दुसरं लावलं. "या खेळाबद्दल मी चुकीचं लिहिलं. गाव आपणहून रंगत नाही. दारामागंही काही नाही. चूक खेळाची नाही, माझी आहे." खेळ त्यांनी खाली कन्सोलच्या खणात ठेवला. वरचा खण रिकामा. शेल्फ लागायला लागल्यापासून पहिल्यांदा तो रिकामा राहिला होता. दुसरा खेळ ठेवावा तर तो दुसऱ्या नंबरचा, आणि दुसऱ्या नंबरचा खेळ पहिला म्हणून खपवायला त्यांचं मन धजेना.

लोकांच्या जिभेला काय हाड असतं? बाईंनी खेळ न खेळताच लिहिलं म्हणे. बाई थकल्या आता. तो तरणाबांड गडी रिकाम्या खणाकडे बघून गालात हसला. ग्रंथपाल मॅडमनी बोलावून घेतलं आणि गोड आवाजात सुचवलं की पुढच्या वर्षापासून निवड पुरवठादारांकडूनच तयार मागवावी, तुम्हालाही त्रास नको. "तुम्हाला असं कसं वाटलं तरी?" असं त्यांनी विचारलंही. बाई मूग गिळून उभ्या राहिल्या. आणि घरी येऊन सासऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ते कन्सोलचं यंत्र इथंच असू दे हं. मला अजून बघायचंय त्यात." आपण तोंडावर पडलो तरी चालेल, पण त्या स्टुलावरून कुणी उठायला नको, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं. असं ठरवणारी माणसं फार नसतात, आणि असली तरी त्यांची कुणी वरच्या खणात मांडणी करत नाही.

पण नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. जेवताना तो चिडून म्हणाला, "लोक काहीबाही बोलतायत हिच्याबद्दल. मॅडम शेल्फ काढून घेणार म्हणे. आणि ही बया सांगत नाही की नक्की झालं काय!"

"झालं, चुकले मी," बाई म्हणाल्या. "माणूस चुकतो."

सासऱ्यांनी घास हातातच ठेवला. सुनेकडे बघितलं. सुनेनं पटकन त्यांच्या ताटात वाढायला घेतलं, जरा जास्तच पटकन.

दुसऱ्या दिवशी दुपारी रांग नेहमीसारखीच होती. बाई आत खोकी लावत होत्या. बाहेर एकाएकी बोलणी थांबली म्हणून त्यांनी मान वर केली. सासरे दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, घामानं भिजलेला, आणि हातात काठी. कपाटावरची. अख्खा रस्ता ते चालत आले होते.

"बाबा! अहो, एकटे कसे आलात?"

"पायानं," ते म्हणाले. धापा टाकत त्यांनी शेल्फाकडे पाहिलं, रिकाम्या खणाकडे पाहिलं, मग कार्ड वाचलं. ते कार्ड त्यांनी काढून हातात घेतलं. "दारामागं काही नाही, असं लिहिलंस?"

बाईंनी कार्ड परत घ्यायला हात पुढं केला.

"माझ्यापायी तुझं नाव खराब झालं. चहाच्या वेळी त्यानं वाचलं तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही माझी." मग रांगेकडे वळून, ज्या माणसाला पडल्यापासून परक्यापुढं खाकरायची लाज वाटायची तो माणूस खणखणीत आवाजात म्हणाला, "ते गाव मी रंगवलं. चोरून. हिला ठाऊक नव्हतं."

 नर्सनं तोंडावर हात ठेवला. बाईंना हात जोडून सगळ्यांना विनवावंसं वाटत होतं की कुणी शाब्बास म्हणू नका. कुणी म्हणालं नाही. बेकरीवाला तेवढा पुढं आला आणि अगदी कामाचं विचारल्यासारखं विचारलं, "काका, माझ्या भिंतींना ओघळ येतात. काय करू?"

"खालून वर चालला असशील," सासरे म्हणाले. "वरून खाली ये. आणि ब्रश इतका बुचकळू नको."

मग ते सुनेकडे वळले. आवाज खाली आला. "तुला कळलं होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही ब्रश खाली ठेवला असता."

सासऱ्यांनी विचार केला. खोटं बोलायची त्यांची जात नव्हती. "ठेवला असता," ते म्हणाले. काठीची मूठ त्यांनी जरा वेळ फिरवली. "आता नाही ठेवत. पण तुझ्या गावात नको. माझं मला वेगळं दे. सभासद व्हायला काय लागतं?"

सभासद व्हायला फोटो लागतो आणि सही लागते. फोटो नव्हता, तो उद्या आणा म्हणून बाईंनी चालवून घेतलं. सही थरथरली, पण झाली. 'धुकेगाव'ची डबी त्यांनी सासऱ्यांच्या नावावर लिहिली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी घरी नवा डाव मांडला. खेळानं खेळणाऱ्याचं नाव विचारलं. सासऱ्यांनी एकेक अक्षर शोधून 'रंगारी' असं लिहिलं. पडद्यावर धुक्यात बुडालेलं गाव आलं, एकही घर न रंगवलेलं. बादली, ब्रश, शिडी. नवरा कौतुकानं तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं आणि दूध आणायला पिटाळलं.

सासऱ्यांनी पहिल्या भिंतीला शिडी लावली. छोटा माणूस दोन पायऱ्या चढला आणि शिडी डगमगली. सासरे थांबले. मान न वळवता म्हणाले, "तो दुसरा रिमोट कुठंय?"

"कशाला, बाबा?"

"त्यात दुसऱ्या माणसाला शिडी धरता येते म्हणे. तूच लिहिलं होतंस."

 खेळबाईंनी दुसरा कंट्रोलर काढला आणि सासऱ्यांच्या स्टुलाशेजारी खाली बसल्या. पडद्यावर दुसरा छोटा माणूस आला, शिडीपाशी गेला, आणि बाईंनी कळ दाबून धरली. शिडी स्थिर झाली. बाजूला सासऱ्यांचे खांदे सैल पडले, ते त्यांना न बघताही कळलं. पहिला माणूस वर चढू लागला, अगदी निवांत, अगदी टोकापर्यंत. बाईंचा अंगठा दुखू लागला, तरी त्यांनी कळ सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी वरच्या खणात डबी नव्हतीच, ती घरी होती. तिच्या जागी बाईंनी नुसतं कार्ड लावलं. "वर्षातला सगळ्यांत चांगला खेळ एका सभासदानं नेलाय. तो परत केव्हा येईल ते सांगता येत नाही. गाव आपणहून रंगत नाही, ते माणसाला रंगवावं लागतं. दारामागं काही नाही असं मी लिहिलं होतं ते खोटं होतं, आणि दुसऱ्या माणसाच्या कामात काही मजा नाही असं लिहिलं होतं तेही चूक होतं."